विश्वंभर निपाणीत येतो

गोविंद शिंपी रहस्यकथेची शेवटची पाने शिवून टाकत असे. हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. मुंबईहून टपालाने येणाऱ्या रहस्यकथांच्या मासिकाची आमच्या निपाणीच्या वाचनालयात एकच प्रत येई, आणि कपाटाची किल्ली सांभाळणारा सभासद म्हणून ती प्रथम वाचण्याचा मान गोविंदाचा होता. गुप्तहेर आता गुन्हेगाराचे नाव घेणार असे दिसले, की तो सदऱ्याच्या छातीला टोचलेली सुई काढी आणि उरलेल्या पानांच्या कडेने कच्चा धावदोरा घाली. मग अंक टेबलावर येई. सभासदांनी आठवडाभर वाद घालावा, आपापला गुन्हेगार ठरवावा, आणि रविवारी दुपारी गोविंदाने सर्वांसमक्ष टाका उसवून शेवट मोठ्याने वाचावा, असा रिवाज पडून गेला होता.

या प्रकाराविरुद्ध मी कमिटीकडे रीतसर लेखी तक्रार केली होती. सार्वजनिक वर्गणीतून घेतलेल्या छापील मालाला भोके पाडण्याचा अधिकार एका सभासदास कोणत्या नियमाने मिळतो, असा माझा प्रश्न होता. कमिटीने ती तक्रार खुलाशासाठी गोविंदाकडेच पाठवली. तिच्याच पाठीवर त्याने लिहून कळवले: "टाका सैल आहे. कागदास इजा होत नाही. वकिलास होते, त्यास माझा इलाज नाही." पुढच्या रविवारी भेटला तेव्हा म्हणाला, "अरं वकील, शेवट आधी वाचणारा माणूस म्हंजे अक्षता पडायच्या आधी पंगतीला बसलेला पाव्हणा. पोट भरतंय त्याचं, पण लग्न कुणाचं ते कळत न्हाय."

आम्ही मराठी शाळेत एका बाकावर बसलो. सातवी पास होऊन तो वडिलांच्या मशिनीवर बसला आणि मी सनद काढून चिकोडीच्या कोर्टात उभा राहू लागलो. घर निपाणीतच ठेवल्यामुळे सुटीचे दिवस त्याच्या दुकानाच्या कट्ट्यावर जात. बाकी गाव त्याला तात्या म्हणे. किडकिडीत अंगाचा, मोठ्या कानांचा, सदैव ओठांत टाचण्या धरून बोलणारा हा मनुष्य स्वतःला माणसांचा पारखी समजत असे. कोट शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या बाहीवरून, खिशावरून तो त्याचे चरित्र सांगे. आणि ते बहुधा चुके. एकदा एका परक्या गृहस्थाचे माप घेऊन तो माझ्या कानात म्हणाला, "डावखुरा हाय. आणि बायको वारलीया नुकतीच. कोटाची गुंडी बघ, कशी लोंबतीया." त्या गृहस्थाच्या उजव्या काखेत गळू झाले होते, आणि बायको बाहेर गाडीत बसून खोळंबली होती. गोविंद ओशाळला नाही. "गुंडी तर लोंबतच होती की," म्हणाला. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. आणि दोन्हींचा आनंद त्याला सारखाच होई.

त्या मासिकातला गुप्तहेर विश्वंभर हे त्याचे दैवत होते. हा विश्वंभर उंच, गोरा, अबोल; वासावरून माणूस ओळखणारा. मुंबईच्या पेढ्या, पुण्याचे बंगले, फार तर एखादे संस्थान, यांपलीकडे तो कधी जात नसे. गोविंदाची तक्रार एवढीच होती. "आमच्याकडं मुडदं पडत न्हाईत व्हय?" तो विचारी. "लई झालं तर सातारपतूर येतो आणि माघारी फिरतो. निपाणीची मोटार त्याला घावत न्हाय?" शेवटी त्यानेच विश्वंभराला मोटारीत बसवून निपाणीस आणले. 'विश्वंभर निपाणीत येतो' ही त्याने लिहिलेली पहिली गोष्ट. तीत तो महान गुप्तहेर मोटारीतून उतरतो, तंबाखूचा खकाणा नाकात जातो, आणि संपूर्ण कथाभर त्याला शिंकांशिवाय दुसरे काही सुचत नाही. वासावर चालणारी त्याची विद्या आमच्या वखारींत फुकट जाते. अशा वेळी त्याला वाट दाखवायला 'मी' नावाचा एक स्थानिक शिंपी येतो. तो शिंपी कानांनी तपास करतो. कोण कोणत्या बाजूची भाषा बोलतो, कोण मराठीत हिशेब करून कानडीत शिव्या देतो, यावरून तो गुन्हेगाराचे गाव सांगतो.

पाठोपाठ पुष्कळ गोष्टी झाल्या. विश्वंभर चिकोडीत, विश्वंभर शहापूरच्या हातमागांवर, सांबऱ्याच्या माळावर. रविवारी शेवट उसवून झाला की तो आपली गोष्ट वाची, आणि मासिकापेक्षा तिलाच गर्दी अधिक जमे. ज्यांना अक्षर येत नव्हते असे गाडीवान, हमालसुद्धा पायऱ्यांवर येऊन बसत. त्यातली एक त्याने संपादकांकडे धाडली. आमच्या लेखकाच्या पात्रावर इतरांचा हक्क नाही, अशा अर्थाचे कार्ड परत आले. ते घेऊन तो माझ्याकडे आला.

"कायदा काय म्हणतो रं?"

"कायदा संपादकाच्या बाजूचा आहे. विश्वंभर ज्याने निर्माण केला त्याचा."

"तू कापड आणतोस. कापतो मी, शिवतो मी. मग कोट कुणाचा?"

"कापडवाल्याचा. तुझी फक्त शिलाई."

त्याने ते कार्ड खिशात घातले. "मग माझं असं त्यात कायच न्हाय म्हण की," तो म्हणाला. त्या दिवशी हसून म्हणाला.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो त्याकडे वळतो.

आमच्या बाजारामागे एका शेटजींची तंबाखूची वखार होती. तिचा मुकादम भीमा हा चिकोडीच्या पलीकडचा, घरी कानडी बोलणारा, आडदांड आणि बायकांच्या बाबतीत बदनाम. वखारीत तंबाखू निवडायला येणाऱ्या बायका त्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. त्याच वखारीचा तोलणार बसाप्पा हाही कानडी घरचा, पन्नाशीचा, शांत मनुष्य. सारा बाजार त्याला आप्पा म्हणे. एका निवडणाऱ्या मुलीचा हात भीमाने धरला म्हणून या शांत मनुष्याने एकदा भरबाजारात त्याच्या थोबाडीत मारली. "परत हात लावलास तर काट्याला टांगीन," असेही म्हणाला. हे शेकडो लोकांनी ऐकले. पुढे काही आठवड्यांनी, भर दुपारी, वखारीत हे दोघेच असताना बोदांची उंच थप्पी कोसळली आणि भीमा खाली सापडला. तंबाखूने गच्च भरलेले गोणपाटाचे बोद किती जड असतात हे ज्याने उचलले त्यालाच कळेल. बसाप्पाने ओरडून माणसे बोलावली. यसू गाडीवानाने आणि एका हमालाने भीमाला ओढून काढून गाडीत घातले. दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

पोलीसपाटलाने पंचनामा केला. यसूने जबाब दिला: "शुद्ध न्हवती. शब्द न्हाय बोलला." हमालाने तेच सांगितले. अपघात म्हणून कागद पुरा झाला. यसूचे हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण ज्यांचे काम ते ध्यानात ठेवण्याचे होते त्यांनी ते ठेवले नाही.

गोविंदाला मात्र आयता मुडदा मिळाला. त्याच्या मनात भीमाविषयी किंवा बसाप्पाविषयी काही नव्हते. बसाप्पाचे सदरे तोच शिवी. त्याला फक्त एक कोडे सुचले होते, आणि ते इतके सुंदर होते की त्याला धीर धरवेना. गोष्ट त्याने दोन भागांत लिहिली. पहिल्या भागात विश्वंभर येतो, शिंकतो, थप्पी पाहतो, आणि गाडीवान त्याला सांगतो की मुकादमाने मरताना एकच शब्द उच्चारला: 'आप्पा.' विश्वंभर ताठ उभा राहतो. "मृताने आपल्या मारेकऱ्याचे नाव सांगितले आहे!" इथे पहिला भाग संपत होता. दुसऱ्या भागात तो स्थानिक शिंपी हळूच पुढे येऊन त्या पुण्या-मुंबईच्या शहाण्याला सांगतो: साहेब, मराठी माणसाला लागलं की तो 'आई गं' म्हणतो. चिकोडीपलीकडचा माणूस 'यप्पा' म्हणतो. दुखलं की यप्पा, भ्यालं की यप्पा, दमलं की यप्पा. ते नाव नव्हे, कळ आहे. गाडीवान मराठी, त्याच्या कानाला 'आप्पा' ऐकू आलं. इथं खून नाही, मारेकरी नाही. थप्पी वाकडी रचली होती एवढंच. विश्वंभर शरमून परतीची मोटार पकडतो.

मी हा दुसरा भाग नंतर वाचला, आणि माझे मत विचाराल तर त्याने लिहिलेल्या सर्वांत ती शहाणी गोष्ट होती. खुनाच्या गोष्टीत खूनच नसावा, आणि शहरच्या गुप्तहेराला दोन भाषांच्या शिवेवरचा एक हुंकार कळू नये!

पण त्या रविवारी त्याने पहिलाच भाग वाचला. वाचनालय तुडुंब होते, यसू गाडीवान पायरीवर बसलेला. 'आप्पा' हा शब्द आला तेव्हा आत कोणी खाकरलेसुद्धा नाही. गोविंदाने पाने मिटली. उरलेली पाने त्याने आधीच शिवून आणली होती, ती उंच धरून दाखवली आणि म्हणाला, "बाकीचं फुडच्या ऐतवारी. डोस्की खाजवा तवर." तो त्या दिवशी अतिशय सुखात होता. वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना एक दुकानदार त्याला म्हणाला, "तात्या, लई धाडसी हायसा. मुकादमाचं नाव न्हाय घातलंसा, पण कळलं आम्हांस्नी." गोविंदाला वाटले हे कौतुक आहे.

पुढचा रविवार उजाडण्यापूर्वी गावाने गोष्ट पुरी केली होती. बाजाराच्या दिवशी, भीमाने मरताना आप्पाचे नाव घेतले, हे लोक भाव सांगावा तितक्या सहजपणे एकमेकांस सांगत होते. भीमाचा भाऊ गावाहून आला, त्याच्या कानांवर ते गेले, आणि त्याने फिर्याद दिली. फौजदारांनी यसूला बोलावले. यसूने या वेळी सांगितले, "व्हय. 'आप्पा' म्हणाला. माझ्या मांडीवर डोस्कं हुतं." हमालानेही ऐकले होते. यसू लबाड मनुष्य नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याला कोणी पैसा दिला नव्हता. पायरीवर बसून त्याने जे ऐकले होते ते त्याच्या गाडीत जाऊन बसले होते, आणि आता त्याला ते तिथेच ऐकल्यासारखे आठवत होते. बसाप्पाला पकडून नेले, तेव्हा तोलकाट्यापाशी उभा राहून तो फौजदारांना एवढेच म्हणाला, "मी काय केलो नाही साहेब. मीच ओरडलो की."

गोविंद त्याच दुपारी चिकोडीच्या कोर्टाच्या आवारात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओठांत टाचण्या तशाच होत्या. त्या काढायचे भान त्याला राहिले नव्हते.

"वकील, त्यो शब्द मी घातलाय रं. मी."

"कोणता शब्द?"

"'आप्पा.' भीमा कायबी बोलला न्हवता. गोष्टीत लागतं काहीतरी म्हणून मी घातला. दुसऱ्या भागात उलगडणार हुतो."

मी त्याला तसाच फौजदारांकडे घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही भाग शांतपणे चाळले आणि विचारले, "ही गोष्ट फिर्यादीच्या आधी लिहिली?" गोविंद उत्साहाने म्हणाला, "आधी साहेब, कितीतरी आधी!" "उत्तम," फौजदार म्हणाले. "म्हणजे फिर्याद होण्यापूर्वीच गावात हे ठाऊक होते. तुमच्या कानांवर आले, तुम्ही लिहिले." त्यांनी कागद ठेवून घेतले. जो पुरावा घेऊन आम्ही बसाप्पाला सोडवायला गेलो होतो, तो टेबलाच्या पलीकडे जाताच त्याच्या विरुद्धचा झाला.

दुसऱ्या भागाची नक्कल गोविंदाने रात्री आठवून काढली आणि पुढच्या रविवारी वाचनालयात वाचली. 'यप्पा'ची मेख त्याने तीन तीनदा समजावली. कोणी हसले नाही, कोणी वादही घातला नाही. तो थांबल्यावर मागून एकजण म्हणाला, "भ्यालासा व्हय तात्या?" दुसरा म्हणाला, "का आप्पाच्या पावण्यांनी कापड पाठवलं?" पहिल्या भागाने त्यांना जे दिले होते ते परत द्यायला ती माणसे तयार नव्हती.

खटला जिल्ह्याच्या ठिकाणी चालला. बचावाला मोठे वकील होते, मी त्यांच्या हाताखाली बसलो होतो. म्हणून मी जे सांगतो ते माझ्या कानांनी ऐकलेले आहे. न्यायाधीशांना मराठी कळत नव्हते, कानडीही नव्हते. साक्षी दुभाषामार्फत इंग्रजीत जात. यसू म्हणाला 'आप्पा', आणि कारकुनाने ते लिहिताना पहिले अक्षर मोठे काढले. आमच्या लिपीत लहानमोठे अक्षर नसते. आप्पा म्हणजे बाप, आप्पा म्हणजे थोरला, आप्पा म्हणजे गल्लीतला कोणीही म्हातारा. निपाणीत 'आप्पा' म्हणून हाक मारली तर निम्मा बाजार वळून पाहील. इंग्रजीत मात्र अक्षर मोठे झाले की विशेषनाम होते, आणि त्या दालनात त्या नावाचा मनुष्य एकच होता. तो पिंजऱ्यात उभा होता. आमच्या वकिलांनी हरकत घेतली. ती नोंदवण्यात आली. अक्षर मोठेच राहिले.

यसूला त्याचा पहिला जबाब दाखवण्यात आला. "तवा घाबरलो हुतो," तो म्हणाला. "आप्पा की यप्पा?" या प्रश्नावर तो दुखावल्यासारखा झाला. "आप्पाच. शाळंतल्या पोरालाबी फरक कळंल." मग गोविंदाला बचावाचा साक्षीदार म्हणून बोलावले. त्याने स्वतः शिवलेला काळा कोट घातला होता. सरकारी वकिलांनी उलटतपासणीत आवाज मुळीच चढवला नाही.

"गोष्टीतली वखार खरी आहे?"

"खरी."

"बोदांची थप्पी?"

"खरी."

"भांडण, थोबाडीत मारणे?"

"खरं हाय."

"मुकादम मेला?"

"मेला."

"म्हणजे सर्व खरे, फक्त हा एक शब्द तेवढा खोटा?"

गोविंदाने साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा धरला. "व्हय साहेब. विश्वंभर दुसऱ्याचा, वखार शेटजींची, मुडदा देवाचा. त्या गोष्टीत माझा म्हणावा असा तेवढा एकच शब्द हाय."

कोर्टात हशा पिकला. दुभाषाने त्याचे काय भाषांतर केले ते मला ऐकू आले नाही. न्यायाधीशांनी मान हलवून टिपून घेतले. मग सरकारी वकिलांनी दुसऱ्या भागाची पाने उचलली. ती आधीची कशावरून? वाचनालयाच्या चिटणिसांनी साक्ष दिली होती की पहिल्या रविवारी ती पाने शिवलेली पाहिली. "शिवलेली पाहिली, वाचलेली नव्हे," सरकारी वकील म्हणाले. "साक्षीदाराचा धंदा काय? शिंप्याला टाका उसवून आत दुसरी पाने घालायला आणि पुन्हा टाका मारायला कितीसा वेळ लागतो?" धंद्याच्या दृष्टीने ते खरे होते.

मरणाऱ्याचे शेवटचे बोलणे कायदा पुराव्यात घेतो, कारण मृत्यूच्या दारात मनुष्य खोटे बोलणार नाही असे तो मानतो. मान्य. पण मरणारा खोटे बोलत नाही म्हणून त्याच्याजवळचा मनुष्य खरे ऐकतो, हे कोणत्या कलमात लिहिले आहे? आणि पहिल्या दिवशीचा जबाब निर्जीव आणि नंतरचा जिवंत, हे कोणी ठरवले? हे प्रश्न मी निकालानंतर वरच्या कोर्टातल्या अपिलासाठी लिहून दिले, सरकारला लिहिले, वर्तमानपत्रांना लिहिले. निकालपत्रात गोविंदाविषयी दोन ओळी होत्या: हा साक्षीदार कल्पक असून त्याला महत्त्व मिळवण्याची हौस दिसते, त्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. बसाप्पाला फाशीची शिक्षा झाली. अपील फेटाळले गेले. दयेच्या अर्जाचे उत्तर एका वाक्याचे होते, आणि त्यातही बसाप्पाच्या गावाचे नाव चुकीचे लिहिले होते. चूक दुरुस्त करावी म्हणून मी पत्र पाठवले. उत्तर येण्यापूर्वी त्याला फाशी दिली गेली होती.

प्रेत ताब्यात घ्यायला त्याची बायको निंगव्वा, तिचा भाऊ, मी आणि गोविंद असे गेलो होतो. तिने गोविंदाला येऊ नको म्हटले नाही. परतताना गाडीत ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "तात्या, उरलेला गोष्ट त्याच दिवशी का वाचला नाहीस रं?" तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच समजून घ्यायचे होते. लोकांना आठवडाभर डोके खाजवायला मिळावे म्हणून, हे उत्तर गोविंदाने कोणत्या तोंडाने द्यायचे?

त्यानंतर त्याने वाचनालयाच्या कपाटाची किल्ली परत केली. मासिक येत राहिले. इतर कोणी ते आणून टेबलावर टाकी. विश्वंभराचे एक अक्षर त्याने पुन्हा वाचले नाही, लिहिले नाही. निंगव्वाच्या मुलाचे कपडे तो शिवून पाठवी. ती ते ठेवून घेई आणि मुलगा ते कधी घालीत नसे. दुकानात माप घेताना तो आता गिऱ्हाइकाकडे पाहतही नसे. एखाद्याने सहज म्हटले, "तात्या, सांगा बघू, मी कुठनं आलोय?" तर तो फीत गुंडाळून म्हणे, "तुमचं तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर खरं होतंय."

त्याची मूळ पाने खटल्याच्या कागदांत अडकली ती कायमची. ती परत मिळावीत म्हणून मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. एकदा कळवले, कागद सापडत नाहीत. एकदा कळवले, कागद नष्ट केले असतील. आता राज्य बदलले, झेंडा बदलला, तेव्हा मी नव्या सरकारलाही लिहिले की एका निरपराध माणसाच्या नावावरचा डाग पुसणे हे तरी आपल्या राज्याचे काम असावे. पोच आली आहे. पोच म्हणजे उत्तर नव्हे, असेही मी त्यांना लिहिले आहे.

गोविंद हा झेंडा पाहायला राहिला नाही. कामातून उठल्यावर तो काही महिने अंथरुणावर होता. खोकल्याने छाती पोखरली होती. शेवटच्या दिवसांत मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या बायकोने मला उशाशी बसायला पाट दिला आणि ती आत गेली. त्याचे डोळे स्वच्छ होते. मला वाटले तो घरातल्यांविषयी काही सांगेल.

"वकील," तो म्हणाला, "त्यो शब्द मीच रचला हुता न्हवं?"

"हे काय विचारणे झाले? तूच रचलास. तू स्वतः चिकोडीला धावत येऊन मला सांगितलेस."

"सांगितलं खरं. पर कधीकधी वाटतं, मी कुठंतरी ऐकला असंल. भीमा बोलला असंल, कुणी मला सांगितलं असंल, आणि मला वाटलं आपणच काढला."

मला संताप आला, त्याच्यावर नव्हे. "गोविंदा, यसूचा पहिला जबाब आठव. 'शब्द न्हाय बोलला.' पोलीसपाटलासमोर, त्याच दिवशी."

"आणि फुडं शपथेवर म्हणाला, बोलला." त्याने श्वास गोळा केला. "तू हुतास व्हय तिथं?"

"नव्हतो."

"मी बी न्हवतो," तो म्हणाला. "यसू हुता."